दुखणं-खुपणं : शॉकवेव्ह घेऊ का?

मागच्या अंकात टाचदुखीवर लिहिताना शॉकवेव्हचा, म्हणजे मशीनने शरीराबाहेरून दाबाच्या लाटा सोडण्याच्या उपचाराचा, एका ओळीत उल्लेख केला होता. टपाल आलं ते बहुतेक त्या एका ओळीवरच. म्हणून या वेळचं सदर त्यालाच दिलंय. आधी एक सांगून टाकते. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि दादरच्या माझ्या क्लिनिकमध्ये हे मशीन आहे. ते चाललं तर माझेही पैसे सुटतात. उत्तरं वाचताना हे लक्षात असू द्या.

प्रश्न : डोंबिवलीत माझं पोळीभाजी केंद्र आहे. वय ५२. आठ महिने उजवी टाच दुखते. गोळ्या, गरम पाण्याची पिशवी, बर्फ सगळं करून झालं. सकाळी पहिलं पाऊल टाकताना जीव जातो, चार पावलं चाललं की बरं वाटतं, संध्याकाळी परत तेच. एक्स-रेमध्ये टाचेचं हाड वाढलंय म्हणाले. एका सेंटरने शॉकवेव्हच्या सहा सिटिंगचं पॅकेज सांगितलंय, आगाऊ भरले तर सवलत. यात वीज सोडतात का? वाढलेलं हाड फुटतं का? सून म्हणते, मुतखडा फोडतात तेच हे मशीन.

उत्तर : सुनेने कूळ बरोबर ओळखलंय. शरीराबाहेरून लाटा सोडून माणसाचा मुतखडा पहिल्यांदा फोडला तो १९८० च्या फेब्रुवारीत, म्युनिकमध्ये. ते तंत्र आलं विमानं बनवणाऱ्या डॉर्निए कंपनीच्या संशोधनातून. पुढे न जुळणाऱ्या हाडांवर, मग टाच, कोपर, खांद्यावर त्याचा वापर सुरू झाला. अमेरिकेत औषधं आणि उपकरणांना मंजुरी देणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेने टाचदुखीसाठी असं पहिलं मशीन २००० साली मंजूर केलं. पण मुतखड्यात काहीतरी फोडायचं असतं, टाचेत नसतं. तुमचं वाढलेलं हाड याने फुटत नाही, विरघळतही नाही आणि तशी गरजही नाही. टाच अजिबात दुखत नाही अशा कितीतरी लोकांच्या एक्स-रेत ते हाड दिसतं. दुखतो तो टाचेपासून बोटांकडे जाणारा तळव्याचा जाड पट्टा, प्लांटार फॅशिया. पहिल्या पावलाची कळ ही त्याची खूण, ती तुम्ही पत्रातच लिहिलीत.

वीज अंगात सोडत नाहीत. जाते ती दाबाची लाट. माझ्याकडे काय होतं ते सांगते, म्हणजे भीती जाईल. पालथं झोपवते, पाऊल टेबलाच्या कडेबाहेर. टाचेच्या आतल्या अंगाला अंगठ्याने दाबत जाते आणि जिथे तोंडातून ‘आई गं’ निघतं तिथे पेनने फुली. त्यावर जेल. हातात पिस्तुलाच्या आकाराचा हँडपीस असतो. त्याच्या आत धातूचा छोटा तुकडा हवेच्या दाबाने पुढे-मागे धावतो, टोकावर आपटतो आणि तो धक्का कातडीतून आत उतरतो. आवाज मोठा असतो, पडद्यापलीकडचे पेशंट सुरुवातीला दचकतात. सेकंदाला १० ठोके धरले तर २००० ठोके साडेतीन मिनिटांच्या आत संपतात. दुखतं, हो. मी दहापैकी किती असं विचारत राहते. सहाच्या पुढे आकडा गेला की दाब उतरवते, कळ बोथट झाली की परत चढवते. जागा बधिर करून घेऊ नका. बधिर केलं की गुण कमी येतो असं अभ्यासांत दिसलंय, शिवाय नेमकं कुठे ठोकतोय हे सांगणारं कुणी उरत नाही. नंतर एक-दोन दिवस टाच ठसठसते, कातडी लाल होते, क्वचित हिरवंनिळं दिसतं.

आता सहाचं काय? टाचेवरच्या बऱ्याच अभ्यासांत आठवड्याच्या अंतराने तीन सिटिंग दिलेल्या आहेत. गुण लगेच मोजायचा नसतो, पुढच्या सहा ते बारा आठवड्यांत तो उतरतो. म्हणजे तिसऱ्या आठवड्यात ‘अजून तीन लागतील’ हे कुणालाच कळलेलं नसतं, आणि आगाऊ सहाचे पैसे घेणाऱ्याला तर पहिल्या दिवशीच कळलेलं असतं! तीन घ्या, थांबा, बघा. एकेका सिटिंगचे पैसे घ्यायला तयार नसतील तर दुसरीकडे जा. डोंबिवलीत फिजिओंचा दुष्काळ नाही.

पण तीनसुद्धा कधी? तुम्ही आठ महिने केलेल्या उपायांत गोळ्या, गरम पाण्याची पिशवी आणि बर्फ आहे, व्यायाम एकही नाही. तो आधी. सकाळी पाय जमिनीला लावण्याआधी पलंगावर बसून उजवा पाय डाव्या मांडीवर घ्या. हाताने पायाची बोटं नडगीकडे ओढा. तळव्यात पट्टा ताणलेला दुसऱ्या हाताने चाचपता यायला हवा, नाही आला तर ओढ कमी पडतेय. दहापर्यंत मोजा, सोडा, असं दहा वेळा. दिवसातून तीनदा. नुकत्याच सुरू झालेल्या टाचदुखीत हा ताण आणि शॉकवेव्ह यांची थेट तुलना झालेली आहे, २०१० साली ती प्रसिद्ध झाली, आणि त्यात ताण सरस ठरला. फुकटचा उपाय मशीनला हरवतो ही बातमी कुठलं सेंटर भिंतीवर लावेल?

दुसरा व्यायाम एक दिवसाआड. जिन्याच्या पायरीच्या कडेवर उभं राहून पायाच्या बोटांखाली पंचाची गुंडाळी ठेवायची, म्हणजे बोटं वर वळलेली राहतील. कठड्याला धरून उजव्या पायावर टाच उचलायची. वर जायला तीन सेकंद, वर दोन सेकंद थांबायचं, खाली यायला तीन सेकंद. एका पायावर जड गेलं तर सुरुवातीला दोन्हींवर. हळू करा, घाईने केलेलं वाया जातं.

आणि केंद्रात पहाटेपासून लादीवर अनवाणी उभ्या राहता ना? तुम्ही लिहिलं नाहीत, पण मी पैजेवर सांगते. चपला घालून स्वयंपाकघरात यायचं नाही हा नियम असेल तर एक मऊ, थोड्या उंच टाचेचा जोड फक्त ओट्यापुरता वेगळा ठेवा. पावसाळ्यातल्या सपाट रबरी चपला टाचेच्या वैरी आहेत.

हे नेमाने तीन महिने करून फरक पडला नाही तर शॉकवेव्ह जरूर घ्या, व्यायाम चालू ठेवून. मधल्या काळात कुणी टाचेत स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं तर त्यानंतर किमान सहा आठवडे मशीन नको. मधुमेह असेल आणि तळपाय बधिर वाटत असतील तर आधी तसं सांगा, कारण दहापैकी किती या प्रश्नाचं तुमचं उत्तर मग भरवशाचं राहत नाही.

प्रश्न : वय ४७, बोरिवलीहून चर्चगेटला बँकेत जाते. उजवा खांदा रात्री झोपू देत नाही, ट्रेनमध्ये वरची कडी धरता येत नाही. एक्स-रेत खांद्यात कॅल्शियम साठलेलं दिसलं. दूध आणि कॅल्शियमच्या गोळ्या बंद केल्या आहेत. ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी शॉकवेव्हचं नाव काढलं, फिजिओकडे विचारलं तर ती म्हणाली आमच्याकडे आहे. घेऊ?

उत्तर : दूध आजच सुरू करा. खांद्यातला हा साठा खाण्यातल्या कॅल्शियमने होत नाही. खांदा उचलणाऱ्या टेंडनच्या, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीच्या आत तो आपोआप तयार होतो, तिशी ते साठीच्या दरम्यान, बायकांत जास्त. कॅल्शियमच्या गोळ्या ज्या डॉक्टरांनी हाडांसाठी दिल्या असतील त्यांना न विचारता बंद करू नका.

गंमत अशी की हा साठा शरीर बऱ्याचदा स्वतःच शोषून घेतं, आणि तो शोषला जात असतानाच सगळ्यात जास्त दुखतं. तेव्हा आत तो खडूसारखा कडक न राहता टूथपेस्टसारखा मऊ झालेला असतो. म्हणून असह्य दुखणं किती दिवसांचं आहे हे महत्त्वाचं. अचानक आठवड्याभरात उफाळलं असेल तर शॉकवेव्हची घाई नको. ते दिवस औषधाने, झोपताना काखेत उशी घेऊन काढावेत. अनेक महिने रेंगाळलेलं असेल आणि एक्स-रेत साठा ठसठशीत, कडा स्पष्ट असलेला दिसत असेल तर खांद्याच्या दुखण्यांपैकी शॉकवेव्हला सगळ्यात जास्त आधार असलेलं दुखणं हेच. २००३ साली जर्मनी आणि ऑस्ट्रियातल्या १४४ रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. खोट्या उपचारापेक्षा खऱ्या लाटांनी गुण आला आणि जास्त ऊर्जेच्या लाटांनी कमी ऊर्जेपेक्षा जास्त आला. उलट बाजूही सांगायला हवी. कॅल्शियम असलेले-नसलेले, सगळ्या प्रकारच्या चाचण्या एकत्र करून २०२० साली कॉक्रेन या उपचारांचे पुरावे तपासणाऱ्या संस्थेने आढावा घेतला, त्यात फायदा अगदीच जेमतेम निघाला. सरसकट खांदेदुखीला म्हणून हे घेऊ नये.

आता ‘आमच्याकडे आहे’ या वाक्यापाशी थांबा. मशीन दोन जातींची असतात. वर टाचेसाठी वर्णन केलं ते रेडिअल. त्याचा धक्का कातडीपाशी सगळ्यात जोरदार असतो आणि आत जाताना पसरून कमी होतो. दुसरं फोकस्ड, ते लाट आतल्या एका बिंदूवर एकवटतं, आणि वरच्या चाचणीतलं मशीन या जातीचं होतं. मुंबईत फिजिओंकडे बहुतेक ठिकाणी रेडिअलच असतं, माझ्याकडेही तेच. तुमच्यासारख्या केसला मी स्वतः ठोकत बसत नाही, फोकस्ड असलेल्या ऑर्थोपेडिक विभागाकडे चिठ्ठी देते. तिथे आणखी एक पर्याय विचारा : सोनोग्राफीत बघत सुईने तो साठा धुऊन काढतात. मऊ झालेल्या साठ्याला तो चांगला लागू पडतो.

ट्रेनमध्ये काही दिवस डाव्या हाताने कडी धरा आणि पर्स डाव्या खांद्याला. हात मागे नेऊन ब्लाउजचा हुक लावताच येत नसेल आणि दुसऱ्याने उचलला तरी हात वर जात नसेल, तर कॅल्शियम बाजूला ठेवून फ्रोझन शोल्डर, म्हणजे खांद्याचा सांधाच आखडलाय का, ते तपासून घ्या. त्याचा रस्ता वेगळा.

प्रश्न : शिवाजी पार्कला धावतो, वय ३४, जानेवारीत मॅरेथॉन आहे. घोट्याच्या मागे पोटरीची शीर सकाळी आखडते, दाबलं की गाठ लागते. ग्रुपमधल्या दोघांनी शॉकवेव्ह घेऊन धावणं चालू ठेवलं. मी पण तेच करू का? पूर्ण विश्रांती नको आहे.

उत्तर : ती शीर नाही, अकिलीस टेंडन. पहिला प्रश्न : गाठ कुठे आहे? टाचेच्या हाडापासून दोन ते सहा सेंटिमीटर वर असेल तर एक व्यायाम, टेंडन हाडाला चिकटतं तिथेच असेल तर दुसरा.

वर असेल तर जुना, खणखणीत उपाय पायरीवरचा. दोन्ही पायांवर वर जायचं, दुखऱ्या एकट्या पायावर सावकाश पायरीच्या खाली उतरायचं. एकदा गुडघा सरळ ठेवून, एकदा वाकवून. १५ चे तीन सेट, दिवसातून दोनदा, बारा आठवडे. १९९८ पासून हा कार्यक्रम जगभर चालतो. हे कंटाळवाणं आहे म्हणूनच लोक मशीन शोधतात. जर्मनीत २००९ साली एका गटाला नुसता हा व्यायाम आणि दुसऱ्याला व्यायाम अधिक शॉकवेव्ह दिली, एकूण ६८ माणसं. चार महिन्यांनी व्यायामवाल्यांपैकी ५६ टक्के आणि दोन्ही घेतलेल्यांपैकी ८२ टक्के बरे किंवा जवळजवळ बरे होते. तुमच्या मित्रांनी यातला अर्धाच भाग घेतलेला दिसतो. मशीनने कळ खाली येते आणि त्या मोकळ्या काळात टेंडनवर भार चढवून ते घट्ट करायचं असतं. त्याच काळात मजेत पळत राहिलं तर फक्त दुखणं कळायचं थांबतं.

हाडालगत असेल तर टाच पायरीच्या खाली सोडू नका, सपाट जमिनीवरच टाचा उचला. खाली सोडलं की टेंडन हाडावर दाबलं जातं.

पूर्ण विश्रांती मीही सांगत नाही, टेंडनला ती मानवत नाही. चढ आणि वेगाचे दिवस मात्र बंद. पेडर रोडची चढण सराव म्हणून करणारे माझ्याकडे दर नोव्हेंबरला रांग लावतात. सपाटीवर धावताना दुखणं दहापैकी पाचच्या आत राहायला हवं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आखडणं आदल्या दिवसापेक्षा वाढायला नको. वाढलं तर अंतर कमी. नवे बूट शर्यतीच्या महिन्यात घेऊ नका.

एक आडवा प्रश्न : अलीकडे ताप, लघवीचा संसर्ग किंवा पोट बिघडणं यासाठी सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन जातीचं अँटिबायोटिक घेतलं होतं का? या औषधांनी टेंडन दुखावतं, तुटूही शकतं. तसं असेल तर धावणं आणि मशीन दोन्ही थांबवून डॉक्टरांना दाखवा. आणि धावताना मागून कुणी लाथ मारल्यासारखं वाटून पाय लुळा पडला तर त्याच दिवशी हॉस्पिटल.

प्रश्न : गिरगावात चौथ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. वय ६८. दोन्ही गुडघे झिजलेत, डॉक्टर सांधे बदला म्हणतात. गेल्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत. शॉकवेव्हने ऑपरेशन टळतं अशी जाहिरात पाहिली. त्यासाठी गोळ्या चार दिवस बंद कराव्या लागतील असं तिथून फोनवर सांगितलं.

उत्तर : काका, गोळी एक दिवससुद्धा बंद करायची नाही. अँजिओप्लास्टीत स्टेंट, म्हणजे रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी, बसवलेल्या माणसाने हृदयरोगतज्ज्ञांना न विचारता या गोळ्या सोडल्या तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. ज्याने फोनवर, तुम्हाला न बघता हे सांगितलं त्याच्याकडे पुन्हा जाऊ नका. रक्त पातळ असताना या ठोक्यांनी आत रक्त साकळण्याची भीती असते, म्हणून अशा पेशंटला आम्ही साधारणपणे नाहीच म्हणतो.

आणि मिळणार काय होतं? झिजलेली कूर्चा शॉकवेव्हने परत उगवत नाही. गुडघ्याच्या झिजेवर छोटे-छोटे अभ्यास झालेत, काहींत दुखणं कमी झालेलं दिसतं, पण टाच किंवा खांद्यातल्या कॅल्शियमइतकासुद्धा हा वापर रुळलेला नाही. ऑपरेशन टळतं हे वाक्य जाहिरातीत आहे, पुराव्यात नाही.

तुमच्या गुडघ्यांना मांडीची ताकद हवी. खुर्चीवर बसून पाय सरळ करून दहापर्यंत धरायचा, दोन्ही पायांनी, थकेपर्यंत. ते सोपं झालं की हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठणं-बसणं, खुर्ची आधी उंच, मग हळूहळू बुटकी. चार मजल्यांसाठी : चढताना बरा पाय आधी, उतरताना जास्त दुखरा आधी, काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात. भाजी, दूध, पेपर एकाच फेरीत. प्रत्येक मजल्यावर शेजाऱ्याशी दोन शब्द बोलायचे, दमही जातो आणि चाळीतल्या बातम्याही कळतात. चार महिने हे करूनही रात्री गुडघा झोपू देत नसेल तर ऑपरेशनला एवढं भिऊ नका. हृदयाच्या डॉक्टरांनी हिरवा कंदील दिला की करून घ्या. जिना राहणारच आहे.

प्रश्न : मुलगी ११ वर्षांची, शाळेच्या खो-खो संघात आहे. दोन्ही टाचा दुखतात, खेळून आली की लंगडते. स्पर्धा जवळ आहे, दोन सिटिंग दिल्या तर चालेल का?

उत्तर : नाही. या वयात टाचेच्या हाडाची वाढीची जागा उघडी असते, त्यावर शॉकवेव्ह देत नाहीत. दुखणं बहुधा त्याच जागेचं आहे, मोठ्यांच्या टाचदुखीसारखं नाही. वाढ पूर्ण झाली की ते आपलं आपण जातं. बुटात मऊ टाच घाला, खेळाचे तास कमी करा, पोटरीचे ताण शिकवून घ्या. टाच सुजली, लाल झाली किंवा न खेळतासुद्धा रात्री दुखली तर मुलांच्या डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : ऑनलाइन मसाज गन घेतली आहे. शॉकवेव्हच ना ती? बाबांच्या पोटरीत गोळे येतात, त्यांना वापरू का?

उत्तर : नाही, ती थडथडवून स्नायू सैल करते, एवढंच. टेंडनच्या आत पोचणारा दाब तिच्यात नाही. धावून आल्यावर स्वतःच्या मांडीला खुशाल वापरा, हाडावर आणि गळ्याला नको. बाबांची एकच पोटरी दुखत असेल, सुजलेली किंवा गरम लागत असेल, तर तिला गन लावू नका, चोळूही नका. शिरेत गुठळी असू शकते, आजच डॉक्टरांकडे न्या.